दिसू नये असं काम

रफूवाल्या मावशींची अख्खी हयात भोकं बुजवण्यात गेली. जिन्याखाली जेमतेम एक खाट मावेल एवढी जागा, खिडकीशी स्टूल, डोळ्याला भिंग. कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायचे आणि त्याच धाग्यांनी भोकावर वीण घालायची, एक वर, एक खाली. काम संपलं की गिऱ्हाईक कापड उलटसुलट करून विचारायचं, "कुठं होतं हो?" हीच त्यांची शाबासकी. तीस वर्षं त्यांनी ती कान भरून ऐकली आणि खरं सांगायचं तर त्या तिच्यामुळे थोड्या चढूनही बसल्या होत्या.

मग समोरची लॉन्ड्री बंद झाली. निम्म्याहून जास्त काम तिथूनच यायचं. मावशींना रिकामं बसवेना. घरातले धडधाकट कपडेसुद्धा त्या उजेडात धरून तपासू लागल्या. नवरा लिफ्ट दुरुस्तीतून निवृत्त झालेला, जिभेला हाड नसलेला. म्हणाला, "एखादा सदरा फाडून देऊ का?"

सून कचेरीत काम करणारी, चटपटीत. नोकरीधंद्यातली माणसं जिथं एकमेकांच्या ओळखी काढतात, त्या साइटवर तिनं मावशींचं खातं उघडून दिलं. "आई, दिसल्याशिवाय काम येत नाही. फोटो टाका, ज्याचं काम केलं त्याचं नाव जोडा. त्याच्या ओळखीची माणसं आपोआप येतात."

मावशींनी राखाडी पँटचा फोटो टाकला. कुणी ढुंकून पाहिलं नाही. पाहणार काय, कपाळ? भोक दिसत नव्हतं, रफूही दिसत नव्हता. एकानं तेवढं विचारलं, पँट विकायची आहे का?

तेव्हापासून मावशींच्या जिवाला स्वस्थता नाही. दोन टाके घातले की फोन बघायचा. भाजी करपली, सुई बोटात गेली, नवऱ्याच्या चहात साखर दोनदा पडली. लोकांना काय दाखवावं, हा भुंगा काही डोक्यातून जाईना.

अशात एक निळा कोट आला. कोटवाला पूर्वी मोठं गोदाम सांभाळायचा, आता वर्षभर घरी होता. खिशाखाली इस्त्रीनं जळून भोक पडलं होतं. या वेळी मावशी शहाण्या झाल्या होत्या. त्यांनी आधी भोकातून बोट घालून फोटो काढला, काम झाल्यावर दुसरा काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी टाकले. कोटवाला त्याच साइटवर काम शोधत होता, म्हणून त्याचं नावही जोडलं. बिचाऱ्याचं नावही चार लोकांत होईल, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

फोटो तुफान चालला. दुपारपर्यंत अंगठ्यांची रांग लागली. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या लॉन्ड्रीवाल्यानं लिहिलं, "गिऱ्हाइकांचं काम असं होत असेल, तर आमचं सगळं तुमच्याकडेच." मावशी स्टुलावरून तीनदा उठल्या, तीनदा बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोटवाला दारात उभा.

"मावशी, परवा माझी मुलाखत आहे. जिथं आहे, तिथल्या बाईंनी तुमचा फोटो पाहिलाय. खाली अंगठा दिलाय."

"मग चांगलंच की!"

"माझ्याकडे दुसरा कोट नाही."

मावशींच्या हातातलं भिंग मांडीवर पडलं.

"तुमचं काम कुणाला दिसत नाही, म्हणून तर तुमच्याकडे आलो होतो," तो म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यानं तो चढवला नाही.

"आत्ता काढून टाकते!"

"सगळ्यांनी पाहिलंय. आता काढलंत, तर आणखी चर्चा." एवढं बोलून तो गेला.

मावशी जिन्याखाली येरझारा घालू लागल्या. तिथं अडीच पावलांत भिंत येते. तीस वर्षं लोकांची भोकं झाकली आणि एकदा चव्हाट्यावर आणलं, तेही या माणसाचं! त्यांना स्वतःचीच शरम वाटली. शेवटी त्यांनी त्याचं नाव काढलं आणि फोटोखाली लिहिलं, "कोट आमच्या घरचा, ह्यांचा. दुसऱ्यांचं नाव चुकून जोडलं गेलं. माफी असावी." निळे कोट गावात काय कमी आहेत?

लॉन्ड्रीवाल्यानं लगेच विचारलं, "म्हणजे हे गिऱ्हाइकाचं काम नव्हे?"

मावशींनी समोरच्या बंद लॉन्ड्रीकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी लिहिलं, "नाही." त्यानंतर त्याचा शब्द आला नाही.

पण लोक कुठले ऐकतात! एकानं टोमणा मारला, "जिन्याखाली कोट घालून कोण बसतं हो?" दुसऱ्यानं लिहिलं, नाव का काढलं, आम्ही वाचलं होतं. मावशींचा जीव पुन्हा टांगणीला. परवाचा दिवस आता उद्यावर आला होता.

दुपारी फोन वाजला. फोटोखाली नवऱ्याचं उत्तर आलं होतं. लग्नातसुद्धा ज्यानं अंगाला कोट लावला नव्हता, त्या नवऱ्यानं सुनेकडून खातं उघडून घेतलं होतं. फोटो जिन्याखालचा, बनियनवरचा. शब्द एवढेच: "कोट माझाच. मीच जाळला. बायकोनं अजून तोंडसुख घेणं थांबवलेलं नाही."

खाली हसऱ्या तोंडांचा पाऊस पडला. त्याचे जुने सोबती 'कोटवाले साहेब' म्हणून हाका मारू लागले. त्या गलक्यात आधीचं नाव कुणी विचारेना.

मावशी फोन घेऊन त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. डोळे भरले होते.

"अहो, सगळे तुम्हाला हसतायत."

"हसू देत," तो म्हणाला. "मला कुठं मुलाखतीला जायचंय?"