मास्तरांची एकुलती एक चाल

चष्मेवाल्या मास्तरांनी आयुष्यभर दोनच कामं केली. आठवडाभर दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरून "हे स्पष्ट की ते?" असं विचारायचं, आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्यातून वेळ उरला की दुसऱ्यांची गीतं चार आवाजांत बसवायची. पहिला आवाज मूळ चाल गाणार, बाकीचे तीन तिला खालून आधार देणार. अशी गीतं त्यांनी ढिगानं बसवली. स्वतःची चाल मात्र एकच केली, तरुणपणी, संध्याकाळच्या उपासनेच्या गीतासाठी. चर्चमध्ये ती अजून गातात, एवढ्यावर हा माणूस समाधानी होता.

यंदा नवं गीतपुस्तक निघायचं ठरलं. समितीच्या चिटणीसबाई दुकानात येऊन म्हणाल्या, "मास्तर, तुमची चाल घेतोय. खाली नाव छापू. सूर तेवढे नीट लिहून द्या." मास्तर वरकरणी "बघू" म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे देऊन टाकले. आपण गेल्यावर आपलं म्हणून काहीतरी मागे राहणार, ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली.

आणि नेमकी त्याच आठवड्यात ऑर्गनच्या भात्याची मोटर बंद पडली. रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "आज नुसतंच गाऊ. मास्तर, तुम्ही खाली बसा निवांत." कित्येक वर्षांत मास्तर पहिल्यांदाच मंडळीत, बाकावर बसले. गीत निघालं ते त्यांचंच. ते सावरून बसले, सदऱ्याचं वरचं बटणही लावलं.

मंडळी गाऊ लागली आणि मास्तर बुचकळ्यात पडले. शब्द तेच, चाल भलतीच. तिसऱ्या ओळीत त्यांची चाल चढण चढून वर जायची, आणि तिथेच तर सगळा तिचा जीव होता. पण मंडळी सपाट रस्त्यानं चालल्यासारखी आरामात पुढे गेली. कोणी अडखळलं नाही, कोणी कोणाकडे पाहिलं नाही. दुसऱ्या कडव्यात मास्तरांच्या लक्षात आलं, हा तर आपणच लिहिलेला दुसरा आवाज. चालीला टेकू म्हणून लिहिलेला. टेकू उभा होता, आणि घर कुठे दिसत नव्हतं.

पुढच्या रांगेतून एक खणखणीत आवाज सगळ्यांना ओढून नेत होता. तो मास्तरांच्या बायकोचा होता.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढायच्या आधी विचारलं, "अगं, तू हे गीत कुठल्या चालीवर म्हणतेस?"

"तुम्ही शिकवलीत त्या." ती पदर खोचत म्हणाली. "लग्नाआधी, गाण्याच्या तालमीला. विसरलात?"

"तुला मी दुसरा आवाज शिकवला होता."

"मला काय ठाऊक पहिला नि दुसरा. तुम्ही म्हणालात असं म्हण, मी म्हटलं."

"आणि त्या पहिल्या आवाजाच्या मुली गायच्या, ते काय होतं?"

तिनं थोडा विचार केला. "गायच्या खरं वरून काहीतरी. मला वाटायचं, शोभेला असेल."

मास्तर खुर्चीत बसले. आता सगळं उलगडलं, आणि तरी काहीच कळेना. त्या मुली लग्नं होऊन एकेक करून गावोगाव पांगल्या. उरला हिचा आवाज. लोक मोठ्या आवाजामागे जातात, त्यातून सोपी वाट मिळाली तर विचारायलाच नको. आणि मास्तर? चारही आवाज त्यांच्याच बोटांखाली, पहिला कानात सर्वांत ठळक. आपण वाजवतोय तेच लोक गातायत, असं ते खुशाल धरून चालले होते. गावाची नजर तपासणाऱ्याच्या दिव्याखाली हा एवढा अंधार.

मग सुरू झाली घालमेल. आपली चाल छापावी तर ती कोणी गाणार नाही. लोकांची छापावी तर ती आपली नाही. पण आपली नाही कशी? तीही आपणच लिहिली ना? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रोज दहा जणांना "हे की ते" विचारणाऱ्याला स्वतःला काही उत्तर देता येईना.

पुढच्या रविवारी मोटर दुरुस्त झाली. मास्तरांनी तेच गीत धरलं आणि पहिला आवाज मुद्दाम जोरात वाजवला. पुढच्या रांगेतून आवाजच आला नाही. त्यांनी ऑर्गनवर मंडळी दिसावी म्हणून लावलेल्या आरशातून पाहिलं. बायको ओठ मिटून उभी होती. नवऱ्याचं गीत आपण इतकी वर्षं बिघडवलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. तिच्याशिवाय मंडळी चाचपडू लागली. तिसऱ्या ओळीच्या चढणीवर तर सगळे थांबलेच, नुसता ऑर्गन एकटा वर गेला.

मास्तरांना ते सोसवेना. त्यांना आपली चाल हवी होती, पण तिचे मिटलेले ओठ नको होते. त्यांनी वरचे सूर सोडले आणि दुसरा आवाज ठळक वाजवत आरशात तिच्याकडे पाहून मान हलवली. ती क्षणभर गोंधळली, मग गाऊ लागली. तिच्यामागे मंडळी निघाली. आणि मास्तर आपली जुनी चाल, कापऱ्या आवाजात, एकटेच वरून म्हणू लागले.

त्यांनी छपाईला तसंच लिहून दिलं. तिची चाल पहिली, स्वतःची दुसरी.

उपासनेनंतर एकदा चिटणीसबाईंनी त्यांना दारात गाठलं. "मास्तर, जुन्या चालीला हा दुसरा आवाज छान जोडलात. अलीकडे सुचला का?"

मास्तर गडबडले. शेजारी उभ्या असलेल्या बायकोनंच उत्तर दिलं.

"छे हो," ती म्हणाली. "तो आधीपासून होता. मीच ऐकला नव्हता."