गुडघ्याचा आवाज

पडद्यावरची माणसं चालतात, पण त्यांच्या पावलांचे आवाज पुष्कळदा नंतर भरावे लागतात. स्टुडिओच्या बंद खोलीत, कधी फळीवर तर कधी खडीवर चालून ते काम करणाऱ्या बाईंना सगळे पाऊलकाकू म्हणत. राण्या, चोर, नर्तकी, सगळ्या त्यांच्याच पायांनी चालल्या. आता गुडघे कुरकुरत होते. रोजच्या प्रार्थनेत काकू तेवढंच मागत, गुडघे बरे कर. मुलगा म्हणे, पुरे आता. त्या म्हणत, हा एक होऊ दे.

हा एक म्हणजे श्रद्धेवरचा सिनेमा. लेक गमावलेली आई देवाशी बोलणं टाकते आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा प्रार्थनेला बसते, एवढीच गोष्ट. काकू श्रद्धाळू, तरी असल्या सिनेमांवर त्यांचा राग. त्यातली माणसं जमिनीपासून वीतभर वर चालतात, असं त्या म्हणत. डोळ्यांत पाणी येतंय तोच व्हायोलिनं गळा काढतात, माणसाला धड रडूही देत नाहीत.

तरुण दिग्दर्शकाला हे पटत होतं. पण शेवटच्या प्रसंगाची त्याला धास्ती होती. तिथे आई फक्त गुडघे टेकते. संवाद नाही, चमत्कार नाही. लोक चुळबुळतील म्हणून त्याने समूहगान तयारच ठेवलं होतं. काकूंना त्याने सरळ सांगितलं, तुमच्या आवाजाने प्रसंग उभा राहिला नाही, तर गाणं घालणार. म्हणजे काकूंचं काम त्याखाली गाडलं जाणार.

काकू फळीवर गुडघे टेकून बसल्या. अलगद, सुबक. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा त्यांचा जुना सोबती होता. त्याला त्या कानसेन म्हणत. त्याने नकारार्थी मान हलवली. पडद्यावरची ही बाई घरून सराव करून आलेली वाटते, म्हणाला.

दुसऱ्यांदा त्या पडद्याकडे बघत वाकल्या आणि अर्ध्यावरच गुडघा कडाडला. हात फळीवर आपटला. तोंडून "आई गं" निघून गेलं. मग टेकल्यावर सुटकेचा लांब श्वास. काकू ओशाळल्या. पुसून टाक, पुन्हा घेऊ, म्हणाल्या.

कानसेनाने पुसलं नाही. चित्राला जोडून ऐकवलं. पडद्यावरची आई किती वर्षांत वाकली नव्हती. तिला वाकताना दुखत होतं.

दिग्दर्शकाने ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

"समूहगान काढा," तो म्हणाला. "ते आलं की ती एकटी राहत नाही."

"अरे बाळा, पण माझा गुडघा ऐकू येतोय."

"काकू, तिचा येतोय."

पहिल्या खेळाला त्या मुलाशेजारी मागच्या रांगेत बसल्या. गुडघा वाजला तसं कुणीतरी फिसकन हसलं. काकूंचा जीव कानात गोळा झाला. पण ते हसू मध्येच विरलं. मग कुणी खोकलंसुद्धा नाही. आईचा श्वास शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. मुलाने अंधारात काकूंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हाच का?"

"हाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू नेहमीसारख्या प्रार्थनेला बसायला गेल्या. गुडघा कडाडला. त्या खाली पोचल्या, श्वास सोडला, आणि आभार मानता मानता मागायचं राहूनच गेलं.

"ऐकलंस ना?" एवढंच त्या म्हणाल्या.