मलप्रभेच्या ओटीसाठी दिलेला अर्ज

अर्जदार : मी स्वतः, कचेरीच्या फाटकासमोर बसून अर्ज लिहिणारा, राहणार केशवापूर, हुबळी. अन्यायग्रस्त : माझी थोरली बहीण, विधवा, राहणार अळणावरजवळचे खेडे. प्रतिपक्ष : सहलीचा गाईड. साक्षीदार : माझी पत्नी. काळ : गेल्या श्रावणातील तीन दिवस.

हकीकत येणेप्रमाणे. दाजी वारल्यापासून अक्काच्या हातून कोणी सवाष्ण ओटी घेत नाही. तिच्या सुनेची ओटीसुद्धा शेजारीण भरते. नदी मात्र कोणाला नको म्हणणार नाही, असे तिने मनाशी धरले होते. आम्ही तिघे निघालो त्या सहलीत मलप्रभा नदी लागणार हे कळताच तिने खण, नारळ, तांदूळ व हिरव्या बांगड्या पिशवीत बांधून घेतल्या.

पहिल्या दिवशी गोकाकचा धबधबा पाहिला. गढूळ पाणी कठड्यापलीकडे खोल कोसळत होते. अक्का म्हणाली, "इथं नको. हात पोचत नाही."

मुक्कामी पोचताच, मलप्रभेकाठी गाडी थोडा वेळ थांबवावी, असा सविस्तर अर्ज मी गाईडच्या हाती दिला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे असले तरी माझ्या मसुद्याला कचेरीत मान आहे. त्याने नमस्कार करून कागद पिशवीत ठेवला. अर्ज दाखल झाला, असे मी समजलो.

बदामीच्या लेण्यांत पत्नी म्हणाली, "अहो, तोंडानं सांगा की त्याला. घरात मीठ संपलं तर दुकानदाराला अर्ज देता का?"

अक्का हसली. त्या सहलीत ती तेवढीच हसली. अर्ज विचाराधीन असताना तोंडी बोलल्यास त्याचे वजन जाते, हे मी दोघींना समजावले.

तिसऱ्या दिवशी पट्टदकल. देवळांमागेच नदी भरून वाहत होती. अक्काने पदर खोचला. "जाऊ का रे?"

"थांब. उत्तर येईल."

ती पिशवी मांडीवर घेऊन दगडावर बसली. शिट्टी वाजली आणि सगळे गाडीत चढले. गाव मागे पडल्यावर मी गाईडला जाब विचारला.

"तो कागद होय अण्णा? मला अभिप्राय वाटला. सगळ्यांचे गोळा करून शेवटी हापिसात देतो. तोंडानं बोलायचं नाही का? पायऱ्या तिथंच होत्या की!"

अंधार होईल म्हणून गाडी वळवण्यास त्याने नकार दिला. अक्का खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "असू दे. नदीलाही नको असेल माझ्या हातची."

गावी परतताना अक्का ती पिशवी आमच्याकडेच ठेवून गेली. नारळ आता आतून सुकून खुळखुळतो. गाईडविरुद्ध तक्रारीचे मसुदे मी पुष्कळ केले, पण मागणीच्या जागी काय लिहावे ते सुचत नाही. अक्काला फोन केला की ती पाऊसपाण्याचे बोलते आणि ठेवून देते.

सबब अक्कास नम्र विनंती की, तिने एकवार माझ्यासोबत पट्टदकलला यावे. गाडी मी करीन. कोणाकडे अर्ज करणार नाही. कृपया उत्तर द्यावे. तोंडी दिले तरी चालेल.