दारूचं दुकान, माझी कुत्री आणि एकच ग्रामसभा

गेल्या सोमवारी आमच्या गावात ग्रामसभा झाली... आणि घरातून निघतानाच मी ठरवलं होतं, आज तोंड उघडायचं नाही.

आमचं गाव खोडदच्या पुढे, उसाच्या पट्ट्यात. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी जखमी कुत्री सांभाळते. कुणी हायवेवर गाडीखाली आलेलं, कुणी बिबट्याच्या तोंडातून सुटलेलं. संस्था वगैरे काही नाही... मी, माझे मिस्टर आणि नारायणगावचे एक डॉक्टर, वेळ मिळेल तसे येऊन टाके घालणारे.

पावसाळा संपता संपता शेजारच्या धोंडिबा मामांनी पंचायतीत तक्रार केली. त्यांची मेंढरं आहेत. कुत्र्यांच्या वासावर बिबट्या येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांची कोकरं खरंच गेली होती, त्यामुळे मला रागही धड येईना.

मग नोटीस आली. विनापरवाना कुत्री ठेवली आहेत, जागा रिकामी करा. परवाना काढायला जुन्नरला तालुक्याच्या ऑफिसात गेले, तर कळलं की ज्या नियमावर बोट ठेवलंय तो इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला. त्यात कुत्रं म्हणजे नुसता उपद्रव. पकडायचं कसं, मारायचं कसं, सगळं लिहिलेलं... जखमी कुत्र्याला ठेवायचं कुठे, याबद्दल एक ओळ नाही. ऑफिसातले साहेब सज्जन होते. म्हणाले, "मॅडम, असला परवाना नक्की कुणी द्यायचा, हेच आम्हाला माहीत नाही."

त्याच सुमारास हायवेवरचं देशी दारूचं दुकान आमच्या एसटी स्टँडजवळ यायचं घाटत होतं. दारूच्या परवान्याची पद्धतही इंग्रजांचीच, पण तिथे सगळं कसं लख्ख. शिक्के, सह्या, नूतनीकरण. आमच्या बचत गटाच्या बायकांचा विरोध होता, आणि गटाची अध्यक्ष म्हणून सभेत मीच बोलायचं ठरलं होतं.

रविवारी दुपारी दुकानाचे मालक घरी आले. त्यांना सगळे शेठच म्हणतात. चहा घेतला, मागे जाऊन शेड बघितलं, एका कुत्रीच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवला.

"ताई, लई पुण्याचं काम करताय राव तुमी. परवान्याचं माझ्यावर सोडा, माझी रोजची ऊठबस हाय तिथं. फकस्त उद्या सभेत गप बसा. बुधवारी गाडी येणार हाय म्हनं, कुत्री उचलायला..."

हसत हसत बोलले.

शेडमध्ये राणी होती, नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेली. तिला उचलून गाडीत टाकलं असतं तर टाके तिथेच उसवले असते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मिस्टर म्हणाले, "तुला पटेल ते कर." पण मला काय पटतंय, हेच कळत नव्हतं... शेवटी गप्प बसायचं ठरवलं.

सभेला समाजमंदिर गच्च भरलेलं. शेठ पहिल्या रांगेत. दुकानाचा विषय आला आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी सतरंजीकडे बघत बसले. शेजारच्या सुनीता वहिनींनी कोपर मारलं, तरी मान वर केली नाही.

ग्रामसेवक म्हणाले, "मग कुणाचा विरोध नाही असं धरू का?"

कशी उठले माहीत नाही. "शेठ काल माझ्या घरी आले होते," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. परवान्याचं, गाडीचं, गप्प बसायचं. "माझी कुत्री न्यायची तर न्या... पण माझ्या गप्प बसण्यावर हे दुकान येऊ देणार नाही मी."

एकच गोंधळ उडाला. शेठ ताडकन उठले. "खोटं बोलती ही बाई! आधी स्वतःची बिनपरवान्याची कुत्री बघा म्हनावं. तक्रार कुनाची हाय? इचारा धोंडिबाला!"

सगळ्यांच्या माना वळल्या. मामा सावकाश उठले, खांद्यावरचं घोंगडं नीट केलं. मला वाटलं, आता संपलं.

"तक्रार माजीच हाय. कोकरं माजी ग्येली, त्ये काय खोटं न्हाई." मग शेठकडे बोट केलं. "पर माजा थोरला ह्येच्याच दुकानातनं पिऊन निगाला व्हता... हायवेला ग्येला तवा. आमी गावाला नुसता अॅक्सिडेंट म्हून सांगितलं. ह्येला कुनी नोटीस धाडली न्हाई. ह्येच्याकडं परवाना व्हता."

मग मामा माझ्याकडे वळले.

"बिबट्याचं मी आन ही पोर बगून घिऊ. दुकान नगं," एवढं बोलून मामा खाली बसले.

पहिला हात सुनीता वहिनींचा वर गेला, मग बायकांचे, मग पुरुषांचेही. दुकानाविरुद्ध ठराव झाला. वरच्या ऑफिसात अजून काय होतंय, माहीत नाही. मामांनी तक्रार मागे घेतली, पण अट घालून... शेड चारी बाजूंनी जाळीने बंद पाहिजे. बुधवारी गाडी आली नाही. परवाना मात्र अजूनही कुणी देत नाही.

गुरुवारी सकाळी मामा स्वतःच पक्कड आणि तार घेऊन दारात उभे. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून जाळी बांधली.

मी उभी राहिले म्हणून गावात मला शाबासकी मिळतेय, ती घेताना अवघडायला होतं. मामांनी गेलेल्या मुलाबद्दल सगळ्या गावासमोर तोंड उघडलं, तेही जिच्याविरुद्ध तक्रार केली होती तिच्यासाठी. ते फेसबुकवर नाहीत... म्हणूनच इथे लिहायचं धाडस होतंय. मामा, तुमचे उपकार तोंडावर बोलून दाखवायला मला अजून जमलेलं नाही.