निळ्या भिंतीपुढं हसणारा बुढा

माझ्या नवऱ्याचा फोटो गोंदियाच्या दुकानात टांगायले कोणी दिला?

मले न विचारता. वर्ष व्हायच्या आत.

जयभीम सगळ्याले.

आज सुखदेव जाऊन वर्ष झालं म्हणून लिहून राहिली. नाहीतर फेसबुकवर रडायची मले सवय नाही.

झालं असं, स्मृतिदिनाचं बॅनर करायले मी न् माझी नात सोनल केशोरीहून गोंदियाले गेलो. बॅनरवाल्यानं दुकानाच्या वर डिस्प्ले गॅलरी काढली आहे. भिंतभर प्रिंट. एका पुढाऱ्याचं नाक आमच्या दाराएवढं.

पुढं रेघारेघांचे फोटो. नख फिरवलं तर खरखर वाजते. इकडून पाहा, वाघाचं तोंड बंद. तिकडून पाहा, उघडं.

वाघाच्या बाजूले सुखदेव.

सोनल म्हणते, "आजी, हे तर आबाजी."

मी म्हटलं, "दिसून राहिलं मले."

डावीकडून पाहिला तर नेहमीचा. ओठ शिवलेले. तो फोटो आमच्या घरचाच. त्याच्या बाजूले मी होती, मले कापून टाकलं.

मग जराशी उजवीकडं सरकली.

बुढा हसला.

दात दाखवून, डोळे बारीक करून.

सारा जन्म संसार केला, हा माणूस फोटोत कधी हसला नाही. आधार कार्डात तर पोलिसानं पकडून आणल्यासारखा आहे. म्हणे, "दात काढणाऱ्याले लोक हलका समजतात."

दुकानदाराले विचारलं. तो हिंदीत सुरू. "अम्मा, ये लेंटिक्युलर है. दो फोटो, एक शीट में."

"ते समजलं. दिले कोणी?"

"किसी ने व्हॉट्सॲप पे भेजे थे. बनवाया, फिर लेने नहीं आया. काम अच्छा निकला तो सॅम्पल में लगा दिया. नंबर तो अब नहीं है."

नंबर नाही म्हणे. बरा नेमका तोच नाही.

मी म्हटलं, "उतरव. येणारे-जाणारे माझ्या माणसाले हसवून राहिले."

त्यानं उतरवून दिला.

घरी आणून चष्मा लावून पाहिला. हसऱ्या फोटोत अंगात भुरा स्वेटर. तो मीच घेतला होता, त्याचं दुखणं वाढलं तेव्हा. म्हणजे फोटो शेवटल्या हिवाळ्यातला. मागं निळी भिंत. आता निळी भिंत आपल्यात कोणाच्या घरी नाही? त्यावरून पत्ता लागत नाही.

त्या दिवसांत घरी तो तोंड फिरवून पडून राहे. पेज दिली तर "ठेव" म्हणे. काय दुखते विचारलं तर "काही नाही." रात्रभर कण्हे.

मधूनच मात्र काठी घेऊन निघे.

"कुठं?"

"नहरापर्यंत."

नहरावर कालव्याचं पाणी न् पाळ, निळी भिंत नाही. मी पाहून आली.

मुलगा प्रमोद नागपुरात असते. त्याले फोन केला. "माय, मी नाही. मले तर बाबा हसल्याचं आठवतच नाही."

खरं बोलला असंल.

मग सुखदेवचा दोस्त दादाराव, गावातलाच. त्याले विचारलं, "भाऊ, हिवाळ्यात हे तुमच्याकडं येत होते का?"

तो आधी खोकलला. मग म्हणते, "वैनी, माझ्याजवळ तर बटनाचा मोबाईल आहे."

मी मोबाईलचं नावच काढलं नव्हतं.

आता फोटो टांगला आहे. दारातून येणाऱ्याले हसते. मी चुलीपाशी बसते, तिथून ओठ शिवलेले. सोनल म्हणते, "आजी, खिळा सरकव." मी कायले सरकवू?

मले भांडायचं नाही. दुखणाऱ्या माणसाले कोणी हसवलं, चांगलंच केलं. पण माझ्या घरी कण्हणारा माणूस दुसऱ्याच्या घरी एवढा हसला, तर कशावर हसला हे मले समजलं पाहिजे. माझ्यावर हसला असंल तरी चालते.

सुखदेव, तू जा आता सुखानं. तुले काही विचारत नाही.

बाकीच्यांनी खाली हात जोडू नका, फुलं टाकू नका.

दादारावची सून हे वाचत असंल. बाई, सासऱ्याले मोठ्यानं वाचून दाखव. उत्तर दादारावनंच द्यावं. लिहून नाही, फोनवर नाही. घरी येऊन, माझ्यासमोर बसून.