गाडीची शेगडी

आमच्या गाडीला गावात ‘बेडूक’ म्हणतात. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, इंजिन पाठीमागं असलेली ही जुनी परदेशी स्पोर्ट्स कार अण्णांनी सोलापूरच्या एका शौकिनाकडून घेतली, तेव्हा मी कॉलेजात होते. येरमाळ्याजवळच्या आमच्या शेतवस्तीवर सोयाबीन आणि ज्वारी करणाऱ्या माणसाला असली गाडी कशाला हवी, असं कुणी विचारलं की माझे वडील म्हणायचे, "समद्या गोष्टींचा उपयोग इचारू नगंस." ती गाडी आणि आई, अण्णांचा जीव या दोघींत होता. आणि त्यातली एक दुसरीत बसायला तयार नव्हती.

त्याला कारणही तसंच होतं. काही वर्षांपूर्वी पौषात आई-अण्णा तुळजापूरला दर्शनाला गेले होते. परतताना थंडी म्हणून काचा वर, हीटर चालू. धाराशिवच्या अलीकडं आई बोलायची थांबली. अण्णांना वाटलं, डोळा लागला. हात लावून पाहिलं तर मान लुळी पडलेली. दवाखान्यात वेळेवर पोचले म्हणून ती वाचली. डॉक्टर म्हणाले, गाडीचा धूर आत येत होता.

या गाडीच्या इंजिनाला पाणी लागत नाही, त्यामुळं हीटरला उष्णता मिळते ती धुराच्या नळीपासून. त्या नळीभोवती पत्र्याचा डगला असतो. नळी आणि डगला यांच्यामधून पंख्याची हवा जाते, तापते आणि आपल्या पायाशी येते. या सगळ्या जोडणीला हीट एक्स्चेंजर म्हणतात. इंजिनाच्या दोन बाजूंना दोन असतात. आतली नळी गंजून फुटली की हवेबरोबर धूरही पायाशी येतो. आमच्या दोन्ही नळ्या फुटल्या होत्या.

अण्णांनी हीटर कायमचा बंद करून टाकला. आईला सांगितलं, आता भीती नाही. आई म्हणाली, "टोपली झाकली म्हंजी साप मेला व्हय?" तेव्हापासून ती तुळजापूरला एसटीनं जायची. अण्णा त्या एसटीच्या मागं मागं, एकटेच, गाडी चालवत. लोक हसायचे. मला हसू यायचं नाही. मला अण्णांचा राग होता. ज्या गाडीनं आईचा जीव घेतला असता, ती दारात ठेवतातच कशी, हे मला समजत नव्हतं.

परवाच्या थंडीत पुण्याच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी एक्स्चेंजरची जुनी जोडी मागवली. नवी आता मिळत नाही. एसटीच्या पार्सलनं गोणपाटात गुंडाळून ती येरमाळ्याला आली. मी धाराशिवला नोकरीला, सुट्टीत घरी आलेले. म्हटलं, "अण्णा, साधी नळी बसवा की. हीटर हवाय कुणाला आपल्याकडं?"

"तिचं गुडघं थंडीत आखडत्यात," अण्णा म्हणाले. "एसटीच्या खिडकीतनं वारं लागतं. मला तिला उबंत न्यायचंय."

मी ओढणी कमरेला खोचली आणि पाना हातात घेतला.

आधी जोडी तपासायची होती. अण्णांनी नळ्यांची तोंडं रबर लावून बंद केली, एका तोंडाला पंप जोडला आणि म्हशींच्या हौदात एकेक एक्स्चेंजर बुडवला. सायकलची ट्यूब बघतात तसंच. उजवा बरा निघाला. डाव्यातून बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. अण्णांचा चेहरा उतरला. धाराशिवच्या वेल्डरकडून डगला कापून, नळी सांधून, पुन्हा डगला चढवून आणला. परत हौदात बुडवला आणि आम्ही दोघं पाण्याकडं बघत बसलो. एकही बुडबुडा आला नाही. तरी अण्णा उठेनात. म्हशी तहानेनं हंबरायला लागल्या तेव्हा उठले.

गाडीचे जुने नट सुटता सुटेनात. डिझेल पाजलं, बत्तीच्या जाळानं शेकले, अण्णांनी त्यांची मनधरणी केली, मी शिव्या दिल्या. माझ्या शिव्यांनी सुटले असं माझं मत आहे. संध्याकाळी जोडी बसली. पंख्याच्या रबरी नळ्या तेवढ्या जोडायच्या राहिल्या होत्या. अण्णांनी इंजिन चालू केलं आणि डगल्याच्या उघड्या तोंडाशी नाक नेऊन किती तरी वेळ वास घेतला. धुराचा मागमूस नव्हता. इंजिन बंद करून ते उठले, तर मागं आई उभी.

"ह्ये काय हाय?" तिनं विचारलं.

इतक्या वर्षांत तिनं गाडीबद्दल पहिल्यांदा काही विचारलं होतं. अण्णा हरखले. म्हणाले, "गाडीची शेगडी समज. नवी बसीवली."

"आन् तिचं तोंड कुठं?"

अण्णांनी खाली वाकून तोंड दाखवलं. आई बघून आत गेली.

आमची आई म्हणजे घरात नवी चूल, नवी शेगडी आली की आधी तिला चिमूटभर ऊद देणारी. पहिला विस्तव देवीचा. गॅस आला तेव्हाही तिनं बर्नरवर ऊद टाकला होता आणि भोकं बुजली म्हणून अण्णांची बोलणी खाल्ली होती.

सकाळी अण्णांनी नळ्या जोडल्या. पाणी तापवून अंघोळ केली, धोतर बदललं आणि आईसमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "चल, तुळजापूरला जाऊ." आईनं शाल घेतली आणि गाडीत जाऊन बसली. मी मागच्या इवल्याशा सीटवर पाय दुमडून. थंडी मी म्हणत होती. येडशीच्या पुढं अण्णांनी सीटांमधला हीटरचा दांडा हळूच वर ओढला. पायाशी ऊब आली. आईनं चप्पल काढून तळवे पुढं केले.

आणि मग आईच्या पायाजवळून पांढरा धूर वर आला.

अण्णांनी गाडी रस्त्याच्या कडेला घातली, इंजिन बंद केलं, दोन्ही काचा खाली केल्या आणि धावत येऊन आईचं दार उघडलं. "उतर, उतर गं," म्हणत तिचा दंड ओढायला लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या दिवशीही ते असेच एकटे रस्त्यावर उभे असतील, हे माझ्या पहिल्यांदा ध्यानात आलं. माझा इतक्या वर्षांचा राग तिथंच गळाला.

आई हलली नाही. तिनं धूर नाकात भरून घेतला.

"अहो, ऊद हाय ह्यो. म्याच टाकला रातच्याला. तुमी शेगडी म्हनालाव न्हवं?"

अण्णांनी वाकून वास घेतला. मग ते तसेच, दाराला धरून, धुळीत बसले. आईनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. ऊद जळून संपेस्तोवर आम्ही तिथंच थांबलो.

मग अण्णा उठून आपल्या जागेवर आले. गाडी चालू केली. हीटरच्या दांड्याकडं मात्र त्यांचा हात जाईना, काचाही त्यांनी उघड्याच ठेवल्या. गार वारं सुसाट आत येत होतं. थोडं पुढं गेल्यावर आईनं स्वतःच तो दांडा वर ओढला, शाल सारखी केली आणि म्हणाली, "काचा लावा की. थंडी वाजतीया."

अण्णांनी काचा लावल्या.