क्रमांक सातचं निरीक्षण

माणूस तोंडाने काय सांगतो आणि हाताने काय करतो, ते दोन्ही टिपून आणा, असं आमच्या मानसशास्त्राच्या सरांनी फर्मावलं. जोडीने दहा घरी जायचं. एकीने प्रश्न विचारायचे, दुसरीने गप्प बसून निरीक्षण लिहायचं. नावं नाहीत, फक्त क्रमांक. आणि एकदाच बघून निष्कर्ष काढायचा नाही, हे तर त्यांनी तीनतीनदा बजावलं.

माझी जोडीदारीण भोईवाड्यातली. वडील गिरणीत, घरच्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. आम्ही दादरचे, वडील कचेरीत कारकून. दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसत होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत ओरडून दोघींचे घसे बसायचे, मग आमच्या घरी आल्याचा चहा. मला वाटायचं, झालं की, समता म्हणजे आणखी काय असतं! अक्कल बघा माझी.

प्रश्न मीच विचारणार होते, बोलायची भारी हौस ना. सातवं घर आमचंच घेतलं, कारण पाय दुखत होते आणि चहा हवा होता. आईला विचारलं, "इतर जातीच्या माणसाला घरच्या भांड्यांत चहापाणी देता का?"

"चल! हे काय विचारणं झालं? ही येते ना रोज. लेकीसारखी आहे मला," असं म्हणत आईने तिघींचा चहा आणला. मी ठसठशीत 'होय' लिहिलं.

आठवड्याने कॉलेजात अहवाल लिहायला बसलो, तेव्हा मैत्रिणीचं पान माझ्या हाती आलं. 'क्रमांक सात. तीन कप. दोन निळ्या काठाचे, एक कान तुटलेला. तुटका पाहुणीला. चहानंतर मुलीने कप विसळले. दोन मांडणीत ठेवले. तुटका वेगळा, खिडकीत.'

मुलगी म्हणजे मी. दोन वर्षं तिला तोच कप मिळत होता. आई जुन्या वळणाची, तिच्यापुढे माझं काय चालणार, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पण तो खिडकीत ठेवणारे हात माझे होते, आणि ते ती दर वेळी बघत होती. शरमेने माझा चेहरा तापला.

"अगं, आई पडली जुन्या वळणाची," मी पुटपुटले. "हे पान गाळू या का?"

"आईंची एकच ओळ आहे त्यात. बाकी तुझंच आहे." ती चिडली नव्हती, हेच जास्त लागलं. "राहू दे पान. मी उद्या परत येते. सर म्हणालेत ना, एकदाच बघून निष्कर्ष काढायचा नाही."

ती मला संधी देत होती. एवढं न कळण्याइतकी मी मठ्ठ नव्हते. घरी जाता जाता ठरवलं, उद्या तुटका कप आपण उचलायचा. बस्स, एवढंच तर करायचं होतं!

दुसऱ्या दिवशी आईने तीन कप समोर ठेवले. मी हात पुढे केला. आईने नुसती भुवई उचलली हो. आणि मोर्च्यात पोलिसांसमोर ताठ मानेने चालणाऱ्या मी निळा कप उचलला.

मैत्रिणीने चहा पुरता संपवला. "छान झालाय, काकू," म्हणाली. मग उठून मोरीत गेली, आपला कप स्वतः विसळला आणि खिडकीत ठेवला. मी जागची हललेसुद्धा नाही. याला भेकडपणा म्हणतात, दुसरं नाव नाही.

तिने पान परत दिलं, तेव्हा खाली एक ओळ वाढली होती. 'दुसरं निरीक्षण. फरक नाही.'

ते पान मी अहवालाला जोडलं, तेवढं तरी केलं. त्यानंतर ती आमच्या घरी आली नाही. महिन्याभराने आईने विचारलं, "का गं, हल्ली दिसत नाही ती?"

"अभ्यास असतो तिला," मी म्हटलं.